चौकोन, प्रश्नचिन्हे आणि अगम्य अक्षरे

एखाद्या पतसंस्थेचे, वाचनालयाचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे दप्तर जुन्या संगणकावरून नव्यावर नेल्यानंतर कारकुनाने सभासदनोंदीचा फॉर्म उघडावा, आणि जिथे काल नाव, गाव व हुद्दा स्वच्छ देवनागरीत वाचता येत होते तिथे आज रिकामे चौकोन, ओळीने उभी राहिलेली प्रश्नचिन्हे किंवा रोमन लिपीतील निरर्थक अक्षरांची रास दिसावी, हा प्रकार महाराष्ट्रातील लहानमोठ्या कार्यालयांत इतक्या वेळा घडला आहे की त्याला अपघात म्हणणेही आता अवघड झाले आहे. अशा वेळी पहिला उद्गार ‘डेटा गेला’ असा निघतो आणि दुसरा ‘फाँट टाका’ असा. दोन्ही तपासाआधीच निघालेले असल्यामुळे कधी शाबूत असलेली माहिती गेली असे समजून ती पुन्हा टंकलिखित करण्याचा खटाटोप होतो, तर कधी खरोखर नष्ट झालेल्या माहितीवर एकामागून एक फाँट चढवून पाहण्यात दिवस खर्ची पडतात. पुढील विवेचनात १९९२ साली बाजारात आलेला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेस मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवला आहे, कारण लहान कार्यालयांच्या टेबलांवर त्याचे वास्तव्य दीर्घकाळ आहे. फॉक्सप्रो या दुसऱ्या डेटाबेसचा उल्लेख प्रसंगाने येईल.

मुळात संगणकाच्या पोटात अक्षर नसतेच, क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला कोणता चेहरा द्यावयाचा हे फाँट ठरवतो. युनिकोड या सर्वमान्य व्यवस्थेत देवनागरीला २३०४ ते २४३१ असा क्रमांकांचा पट्टा नेमून दिलेला आहे. त्यात ‘अ’चा क्रमांक २३०९ आणि ‘क’चा २३२५. म्हणून पडद्यावर काय दिसते यावर वाद घालण्यापूर्वी पोटात काय आहे याची तहकीकात करणे हाच खरा आरंभ होय, आणि ती करण्याचे साधन ॲक्सेसमध्येच आहे. कंट्रोल व जी या कळा एकत्र दाबल्या की ‘इमिजिएट’ नावाची खिडकी उघडते. तिथे ‘ॲस्क-डब्ल्यू’ या फंक्शनला त्या नोंदीतील नावाचे पहिले अक्षर द्यावे आणि येणारा आकडा पाहावा. आकडा वरील पट्ट्यातला असेल तर माहिती धडधाकट आहे आणि दोष केवळ दर्शनाचा आहे. तो २५५ च्या आत किंवा ८२०० च्या आसपास असेल तर माहिती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये भरलेली आहे, किंवा आयात करताना तिचा उलगडा चुकीच्या संकेताने झाला आहे. आणि तो ६३ असेल, तर तो प्रश्नचिन्हाचा स्वतःचा क्रमांक असल्याने त्या जागी पूर्वी कोणते अक्षर होते याची खूणही उरलेली नाही. चौकोन हा फाँटचा कबुलीजबाब आहे, की क्रमांक पोहोचला पण त्याचा आकार माझ्याजवळ नाही. प्रश्नचिन्ह हा मात्र पुष्कळदा मृत्यूचा दाखला असतो. या दोहोंमधला भेद ज्याने ओळखला त्याचे अर्धे काम झाले असे मी मानतो, आणि तरीही तो भेद न करता फाँटचे संचच्या संच नव्या संगणकात ओतणारे तंत्रज्ञ मला अधिक संख्येने भेटले आहेत.

रोमन अक्षरांची रास दिसते तेव्हा बहुधा जुन्या फाँटचा वारसा आडवा आलेला असतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले, आणि १९९१ साली ‘इस्की’ हा राष्ट्रीय संकेतही भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. परंतु विंडोज बाजारात रुजत असताना त्या प्रणालीच्या अंगी देवनागरीची जाण मुळीच नव्हती, म्हणून शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, योगेश, सुरेख अशा फाँटांनी एक तडजोड स्वीकारली. रोमन अक्षरांचे आणि विरामचिन्हांचे जे सव्वादोनशेच्या आसपास क्रमांक विंडोजला ठाऊक होते त्यांच्याच जागी त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार. खिळ्यांच्या तबकाचे खण तेच ठेवून आतले खिळे मात्र प्रत्येक छापखान्याने आपल्या सोयीने भरावेत, तसा हा कारभार होता, आणि म्हणून एका फाँटमध्ये भरलेली नोंद दुसऱ्याला वाचता येत नसे. तो विशिष्ट फाँट संगणकावर आहे तोवर सारे सुरळीत. तो नाहीसा झाला की खालचे रोमन उघडे पडते.

या प्रसंगी विंडोज गप्प बसते, हे विशेष. हवा तो फाँट न सापडल्यास ती तक्रार करीत नाही, तर स्वतःच्या मर्जीने जवळपासचा दुसरा फाँट कामावर रुजू करते. आणि ॲक्सेसच्या गुणधर्मपत्रकात मात्र मूळ फाँटचे नाव तसेच लिहिलेले राहते, त्यामुळे ‘नाव तर बरोबर आहे, मग चुकले काय?’ या प्रश्नाशी माणूस अडून बसतो. त्यासाठी नावावर विश्वास न ठेवता विंडोजच्या फाँटच्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष पाहणे बरे. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत फाँट एकाच वापरकर्त्यापुरता बसवण्याची सोय झाल्यापासून या घोळात आणखी एक भर पडली आहे: व्यवस्थापकाने आपल्या खात्यातून फाँट बसवला, त्याला सर्व काही दिसले, आणि त्याच यंत्रावर कारकुनाने आपल्या नावाने प्रवेश केला की पुन्हा तीच अगम्य रास. बसवताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडला की हा तंटा मिटतो.

फाँट बसवल्यावरही काही ठिकाणी रोमन रास शिल्लक राहते, आणि ती तशीच राहणार, हे आधीच ध्यानी घेतलेले बरे. फॉर्मची शीर्षकपट्टी आणि संदेशाची चौकट विंडोज स्वतःच्या फाँटने रंगवते, तिथे शिवाजीचा वा कृतिदेवचा अंमल चालत नाही. डेटाशीट दृश्याचे प्रकरण याहून फसवे आहे. फॉर्मवरील चौकटीला तुम्ही कोणताही फाँट दिलेला असो, तोच फॉर्म किंवा उपफॉर्म तक्त्याच्या रूपात उघडला की चौकटींचे फाँट बाजूला पडतात आणि डेटाशीटसाठी स्वतंत्रपणे नेमलेला एकच फाँट साऱ्या रकान्यांना लागू होतो. मग मराठी नावांसाठी तो बदलला की शेजारचे खातेक्रमांक आणि इंग्रजी पत्ते देवनागरीच्या तुकड्यांत विखुरतात. या पेचाला जुन्या फाँटच्या चौकटीत तोड नाही. तसेच ॲक्सेस २००७ पासून आलेल्या ‘रिच टेक्स्ट’ प्रकारच्या मजकुरात फाँटचे नाव मजकुराबरोबरच साठवलेले असते, म्हणून चौकटीचा फाँट कितीही बदलला तरी तो मजकूर आपला हट्ट सोडत नाही.

तरीही फाँट सापडला, अक्षरे दिसू लागली, म्हणजे दप्तर सुधारले असे मानणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण या जुन्या फाँटांचा खरा दोष डोळ्यांना दिसणारा नाहीच. कृतिदेवमध्ये लहान ‘डी’च्या जागी पूर्ण ‘क’ आणि मोठ्या ‘डी’च्या जागी अर्धा ‘क्’ आहे. आणि ॲक्सेसचे इंजिन तुलना करताना लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद मानीत नाही. परिणामी पूर्ण आणि अर्धे अक्षर त्याच्या लेखी एकच ठरते, आणि एखाद्या निराळ्या नावाची नोंद ‘हे आधीच अस्तित्वात आहे’ या सबबीवर नाकारली जाऊ शकते. पहिली वेलांटी या फाँटांत, कागदावर दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकलिखित होते. म्हणून नावांची क्रमवारी लावली की किसन, दिनकर, विठ्ठल आणि शिवाजी हे चौघेही, पहिले अक्षर निराळे असून, वेलांटीच्या एकाच खणात येऊन बसतात आणि ‘क’ने सुरू होणारी नावे शोधणाऱ्याला किसन कधीच सापडत नाही. त्यात ॲक्सेसची स्वयंदुरुस्ती ही परोपकारी व्यवस्था: लागोपाठ दोन मोठी रोमन अक्षरे दिसली की दुसरे लहान करून टाकावे, हा तिचा शिरस्ता, इंग्रजीत तो उपकार असेल, पण इथे त्याने अर्धे अक्षर पूर्ण होते आणि माणसाचे नाव त्याच्या डोळ्यांदेखत बदलते. म्हणून जोवर असा फाँट वापरात आहे तोवर प्रत्येक चौकटीच्या गुणधर्मांत स्वयंदुरुस्तीची परवानगी ‘नाही’ अशी नोंदवावी, आणि सर्व अक्षरे मोठी करणारे चिन्ह ‘फॉरमॅट’च्या किंवा ‘इनपुट मास्क’च्या घरात राहून गेले आहे काय तेही पाहावे.

रोमन राशीचा दुसरा एक प्रकार वरवर सारखा दिसतो, पण त्याचे मूळ निराळे. युनिकोड मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला की देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, आणि त्यांतला पहिला नेहमी तोच असतो, तर दुसरा ठरावीक दोहोंपैकी एक. अशी फाइल पश्चिम युरोपीय संकेताची समजून आयात केली तर रकान्यात डोक्यावर आघातचिन्ह असलेला रोमन ‘ए’ पुनःपुन्हा येतो आणि त्याच्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह येते. ही जोडी दिसली की निदान झाले असे समजावे. तिथे फाँटशी काही संबंध नाही. मूळ फाइल पुन्हा आयात करावी आणि ‘ॲडव्हान्स्ड’ या बटणामागे दडलेल्या पत्रकात कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे.

आता प्रश्नचिन्हांकडे वळू. ती जन्माला येतात ती बहुधा एका अरुंद दारापाशी, जिथे युनिकोड मजकूर जुन्या, दोनशे छप्पन्न खणांच्या संकेतात कोंबला जातो आणि ज्याला खण नाही अशा प्रत्येक अक्षराच्या जागी विंडोज प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जाते. ॲक्सेस ९७ पर्यंतच्या आवृत्त्या अशाच संकेतात साठवण करीत. ॲक्सेस २००० मध्ये आलेल्या जेट ४ इंजिनाने प्रथम युनिकोड साठवण आणली. कोष्टके सुधारली, पण प्रोग्राम लिहिण्याची व्हीबीएची खिडकी मात्र जुन्याच अमलाखाली राहिली, आणि तिथे थेट लिहिलेली मराठी वाक्ये प्रश्नचिन्हे होऊनच उमटतात. मेसेजबॉक्सची तीच कथा. कोष्टकातून आलेला निर्दोष मराठी मजकूरही त्या चौकटीत प्रश्नचिन्हांच्या रूपात प्रकटतो, मात्र इथे मृत्यू केवळ देखाव्याचा असतो, कोष्टकातील नोंद शाबूत राहते. यावर सरळ उपाय असा की, मराठी संदेशांचे एक लहानसे कोष्टक करावे आणि प्रोग्रामने ते तिथून उचलून संदेशासाठी आखलेल्या छोट्या फॉर्मवर दाखवावेत. प्रणालीची भाषा मराठी केल्याने हे सुधारेल अशी अनेकांची समजूत असते. ती व्यर्थ आहे, कारण युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांसाठी विंडोजजवळ देवनागरीचा तसा संकेत कधी नव्हताच. जिथे ॲक्सेसचा फॉर्म मागे एसक्यूएल सर्व्हरला जोडलेला आहे तिथे रकान्याचा प्रकार ‘एन-व्हारकॅर’ आहे ना, आणि थेट पाठवलेल्या आज्ञेत अवतरणापूर्वी ‘एन’ हे अक्षर लावले आहे ना, हे पाहावे. ते लावायचे राहून गेले असेल तर रात्रभर चाललेली नोंदभरती सकाळी निव्वळ प्रश्नचिन्हांची निघते, आणि ती परत आणण्यास मूळ कागदांखेरीज दुसरा आधार राहत नाही.

युनिकोडमध्ये आलेला मजकूरही कधी मोडका दिसतो, तेव्हा दोष अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेचा असतो. देवनागरीत क्रमांक आणि आकार यांची एकास एक जोडी नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डेटाबेसच्या हिशेबी दहा क्रमांकांचे आहे, आणि त्यांची जोडाक्षरे बांधण्याचे काम विंडोज २००० पासून युनिस्क्राइब ही व्यवस्था करीत आली आहे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँटही त्याच विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांचा पाठिंबा प्रादेशिक मांडणीतून मुद्दाम बसवावा लागे. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर पडे आणि हलंत पायमोडका उघडा राही. आजच्या यंत्रांवर हा त्रास उरलेला नाही, पण विंडोज १० मध्ये मंगल, कोकिला, अपराजिता हे फाँट ऐच्छिक पुरवणीत गेले आणि त्यांची जागा विंडोज ८ पासून आलेल्या निर्मला यूआयने घेतली, त्यामुळे मंगलवर आखलेले फॉर्म नव्या यंत्रावर वाचता येतात, परंतु ओळींची उंची बदलून मांडणी विसकटते. रकान्याची लांबी जुन्या हिशेबाने वीस ठेवलेली असेल तर लांब नाव मधेच तुटते आणि शेवटी एकटा हलंत लोंबत राहतो. तो फाँटचा दोष समजून फाँट बदलू नये, रकाना वाढवावा. ‘ॲ’ या मराठीला नित्य लागणाऱ्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, म्हणून त्याआधीच्या फाँटांत त्याच्या जागी चौकोन दिसतो. आणि काहींनी ‘अ’वर चंद्र चढवून तेच अक्षर साधल्यामुळे दिसायला एकच असलेले ‘ॲड.’ शोधताना दोन निराळे ठरतात. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला कोयत्यासारखा ‘र’ दोन मार्गांनी लिहिला जातो, त्याचीही गत तीच.

अहवालाच्या बाबतीत पडदा आणि कागद यांचे हितसंबंध वेगळे असतात. मंगलच्या ओळीला इंग्रजी फाँटपेक्षा बरीच अधिक उंची लागते. इंग्रजी नावांसाठी आखलेल्या चौकटीत मराठी नाव घातले की उकार किंवा अनुस्वार कापला जातो, आणि ‘कुंडलिक’चा ‘कंडलिक’ होऊन पावती छापली जाते. चौकटीचा ‘कॅन ग्रो’ हा गुणधर्म ‘होय’ केल्यास ती मजकुराप्रमाणे वाढते, मात्र हे छपाईत आणि छपाईपूर्व दर्शनातच. पडद्यावरील फॉर्ममध्ये चौकट हातानेच उंच करावी लागते. ॲक्सेस मापे ट्विपमध्ये, म्हणजे इंचाच्या १४४० व्या भागात, धरतो, पण पडद्यावर अक्षर पूर्ण ठिपक्यांतच बसते. म्हणून इंचाला ९६ ठिपक्यांच्या पडद्यावर नीट बसलेले लेबल १२० च्या पडद्यावर शेवटच्या अक्षरापाशी छाटले जाते, आणि थोडी मोकळी जागा ठेवणे हाच त्यावर शहाणपणाचा उपाय होय.

आकड्यांच्या बाबतीत हे छाटणे निव्वळ गैरसोयीचे नसून धोक्याचे असते. चौकट अरुंद असेल तर १,२५,००० या रकमेचा काही भागच छापला जाऊ शकतो, आणि वाचणाऱ्याला त्यात काहीही गैर दिसत नाही. ॲक्सेसच्या चालू डेटाबेसच्या पर्यायांत छाटलेले आकडे तपासण्याची एक सोय आहे. ती चालू असेल तर अपुऱ्या जागेत आकड्याऐवजी ‘#’ या चिन्हांची रांग येते. ती कुरूप दिसते म्हणून ही सोय बंद करणारे हिशेबनीस पाहिले की मला नवल वाटते, कारण हिशेबाच्या कागदावर कुरूप सत्य सुबक असत्यापेक्षा केव्हाही परवडते. फॉक्सप्रोच्या शेवटच्या, नवव्या आवृत्तीत अहवाल रंगवण्याची नवी पद्धत आली आणि तिच्यात अक्षरे किंचित रुंद पडू लागली, त्यामुळे वर्षानुवर्षे बरोबर छापल्या जाणाऱ्या बेरजांच्या जागी एकाएकी तारकाचिन्हे उमटली. अहवालाची वागणूक ८० या जुन्या पद्धतीवर परत नेली की त्या बेरजा पूर्ववत होतात, अथवा रकाने थोडे रुंद करून नवी पद्धतच ठेवावी, आणि वेळ असेल तर दुसरा मार्ग अधिक बरा.

पडद्यावर मराठी आणि कागदावर रोमन, असे झाले तर संशयाची सुई प्रिंटरकडे वळवावी. काही प्रिंटरचे चालक वेळ वाचवण्यासाठी संगणकाच्या फाँटऐवजी यंत्रातलाच फाँट वापरतात. चालकाच्या गुणधर्मांत अक्षरे चित्ररूपाने छापण्याचा पर्याय निवडला की ही अदलाबदल थांबते. ‘जेनेरिक टेक्स्ट’ या चालकावर चालणाऱ्या ठिपक्यांच्या प्रिंटरकडून देवनागरीची अपेक्षाच करू नये. अहवालाच्या पृष्ठमांडणीत विशिष्ट प्रिंटर नेमलेला असून तो कार्यालयातून केव्हाच निघून गेला असेल तरीही समास आणि ओळी सरकतात. तिथे नेहमीचा प्रिंटर नेमून द्यावा.

एवढे सारे करून झाल्यावर जुन्या फाँटमधील दप्तर युनिकोडमध्ये नेण्याचा निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो जितका लांबवावा तितका महाग पडतो. रूपांतर करणारा प्रोग्राम फाँटनुसार निराळा लागतो. प्रथम वेलांटी तिच्या अक्षरानंतर हलवावी लागते, आणि जुन्या फाँटात अक्षरानंतर टंकलिखित होणारा रफार त्या अक्षराच्या आधी आणावा लागतो, नाहीतर ‘अर्ज’चा ‘अजर्’ होतो. मूळ रकान्याला हात न लावता शेजारी नवा रकाना करून त्यात रूपांतर उतरवावे. सर्वांत लांब नावे, रफाराची नावे, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ असलेली नावे आधी तपासावीत, कारण चुका तिथेच दडतात. ‘ॲ’चे दोन प्रकार एकात आणावेत, आणि त्यानंतरच नावांवरील एकमेवतेचा निर्बंध नव्या रकान्यावर चढवावा. जुना रकाना फॉर्मवरून काढून टाकला तरी कोष्टकात, निदान एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत, तसाच राहू द्यावा, आणि त्याच्याबरोबर तो जुना फाँटही.